मंत्र्याची खुर्ची नेमकी कुणाच्या हातात? ३० दिवसांच्या विधेयकाच्या निमित्ताने

२० ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी लोकसभेत १३०वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं आणि सभागृहात एकच गदारोळ झाला. विरोधी सदस्यांनी विधेयकाच्या प्रती फाडून गृहमंत्र्यांच्या दिशेने भिरकावल्या. शेवटी विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या खासदारांच्या समितीकडे पाठवायचं ठरलं.

विधेयकात म्हटलंय ते थोडक्यात असं. ज्या गुन्ह्याला पाच वर्षं किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकते, अशा गुन्ह्याच्या आरोपावरून एखाद्या मंत्र्याला अटक झाली आणि तो सलग ३० दिवस कोठडीत राहिला, तर ३१व्या दिवसापर्यंत पंतप्रधानांनी त्याला काढण्याचा सल्ला राष्ट्रपतींना द्यायचा. सल्ला दिला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचं मंत्रिपद आपोआप जाणार. राज्यांतल्या मंत्र्यांना हाच नियम. खुद्द पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री कोठडीत असतील तर त्यांनी ३१व्या दिवसापर्यंत राजीनामा द्यायचा, नाही दिला तर पद गेलंच. सुटून आल्यावर पुन्हा शपथ घ्यायला मात्र आडकाठी नाही.

हे वाचून अनेकांच्या तोंडून पहिल्यांदा ‘बरं झालं’ असंच निघालं, आणि त्यात वावगं काही नाही. तुरुंगातून राज्यकारभार चालणं कुणालाच पटत नाही. पण मंत्री येतो कसा, टिकतो कसा आणि जातो कसा, हे नीट पाहिलं की या विधेयकाचा खरा जोर कुठे पडणार ते दिसू लागतं. म्हणून मुळापासून सुरुवात करू.

मंत्रिपरिषद मोठी, मंत्रिमंडळ छोटं

बातम्यांत दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. मंत्रिपरिषद म्हणजे सगळे मंत्री: पंतप्रधान, कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आणि साधे राज्यमंत्री. जून २०२४ मध्ये शपथ घेतलेल्या केंद्रीय मंत्रिपरिषदेत पंतप्रधानांसह ७२ जण होते. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातले वरिष्ठ, पंतप्रधान आणि ३० कॅबिनेट मंत्री. सरकारचे मोठे निर्णय या छोट्या गटाने घ्यायचे असतात.

गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांना हे चटकन समजेल. सोसायटीची कमिटी बैठकीत ठराव करते, की यंदा टाकी दुरुस्त करायची आणि प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी काढायची. बैठकीत एखाद्या सदस्याने कडाडून विरोध केला असेल. पण ठराव झाल्यावर त्याने जिन्यात उभं राहून ‘मी तर नकोच म्हणत होतो’ असं सांगायचं नसतं. पटत नसेल तर कमिटीतून बाहेर पडायचं. आणि सर्वसाधारण सभेत जाब विचारला गेला, तर उत्तर एकट्या सेक्रेटरीने नाही, सगळ्या कमिटीने द्यायचं. मंत्रिमंडळ ही ती कमिटी, आणि लोकसभा ही सर्वसाधारण सभा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ मध्ये हेच लिहिलंय: मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल.

किती मंत्री असावेत यावर पूर्वी बंधन नव्हतं. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याण सिंग यांनी ९३ मंत्र्यांचं सरकार बनवलं होतं. आघाडी टिकवायची तर प्रत्येक गटाला लाल दिवा द्यावा लागे. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मर्यादा घातली. लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री नकोत, म्हणजे ५४३ च्या हिशेबाने ८१. राज्यांनाही विधानसभेच्या १५ टक्क्यांचीच मर्यादा, त्यामुळे २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ४३. छोट्या राज्यांसाठी किमान १२ ची सवलत आहे. म्हणून ४० आमदारांच्या गोव्यात मुख्यमंत्र्यांसह १२ मंत्री असू शकतात.

खुर्ची टिकते कुणाच्या भरवशावर?

घटनेत शब्द आहेत की मंत्री ‘राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत’ पदावर राहतील. राष्ट्रपती मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे व्यवहारात ही मर्जी पंतप्रधानांची असते. त्यांनी राजीनामा मागितला की मंत्री जातो. कारण सांगावं लागत नाही, नोटीस द्यावी लागत नाही, चौकशीही लागत नाही. १६ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं, मोरारजींनी उपपंतप्रधानपद सोडलं आणि तीनच दिवसांनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं.

दुसरा आधार लोकसभेचा. तिथला विश्वास गेला की पंतप्रधानांसकट सगळे घरी. याखेरीज एक तांत्रिक अट आहे: खासदार नसलेल्या व्यक्तीला मंत्री करता येतं, पण सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोठडीतल्या मंत्र्याला काढायला आज कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री त्याला अटकेच्या पहिल्याच दिवशी काढू शकतात. नवं कलम कामाला येईल ते दोनच वेळा: नेत्यालाच आपला मंत्री काढायचा नसेल तेव्हा, किंवा नेता स्वतःच आत असेल तेव्हा.

निर्णय सगळ्यांचा असेल तरच जबाबदारी सगळ्यांची

सामूहिक जबाबदारीला एक पूर्वअट आहे. निर्णय खरोखर एकत्र बसून झालेला असला पाहिजे. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या इतिहासातले काही सर्वांत गंभीर वाद इथूनच सुरू झालेत, आणि त्यातल्या दोन प्रसंगांत पुढे होती ती आपलीच माणसं.

सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे त्याचं कारण बहुतेकांना माहीत असतं. पण राजीनाम्याच्या निवेदनात आणखी एक तक्रार होती. महत्त्वाचे निर्णय मंत्रिमंडळाच्या उपसमित्यांमध्ये होतात, अशा समित्यांवर आपल्याला घेतलेलं नाही, आणि मंत्रिमंडळ हे आधीच झालेल्या निर्णयांची नोंद करणारं कार्यालय होऊन बसलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांच्या अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा तयार झाला, त्यांनीच ती लागू होऊन दोन वर्षंही झाली नसताना हे सांगितलं.

दुसरा प्रसंग चिंतामणराव देशमुखांचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मूळचे महाडजवळच्या नाते गावचे, कुलाबा (आताचा रायगड) मतदारसंघाचे खासदार आणि नेहरूंचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. देशमुखांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत निवेदन केलं. त्यांना मुंबई महाराष्ट्रात हवी होती, हे तर उघडच होतं. त्यांचा जास्त टोकदार आक्षेप पद्धतीवर होता. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर न घेताच मंत्रिमंडळाच्या नावाने जाहीर केला गेला, असं ते म्हणाले. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हेही त्यांनी सभागृहात मांडलं. नेहरूंनी निर्णयपद्धतीवरचा आरोप मान्य केला नाही. पण देशमुखांचं तर्कशास्त्र आजही खणखणीत आहे: ज्या निर्णयात मला विचारलंच नाही, त्याचं ओझं तुम्ही माझ्या खांद्यावर कसं ठेवता?

याची सर्वांत मोठी किंमत देशाने १९७५ मध्ये मोजली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. तोवर नेत्यांची धरपकड सुरू झाली होती. बैठकीत फक्त स्वर्णसिंग यांनी प्रश्न विचारला, बाकी सगळे गप्प राहिले आणि झाल्या गोष्टीला मंजुरी मिळाली. जनता सरकारने १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीत हे भोक बुजवलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हातात आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही, असं अनुच्छेद ३५२ मध्ये लिहिलं गेलं.

पण १९७५ मध्ये ज्या नियमाचा आधार घेतला गेला, तो नियम क्रमांक १२ अजून शाबूत आहे. केंद्राच्या १९६१ च्या कामकाज नियमांतला हा नियम पंतप्रधानांना तातडीच्या प्रसंगी नेहमीची पद्धत बाजूला ठेवू देतो, मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेतली तरी चालते. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट याच नियमाने उठवली गेली. अधिसूचनेवर वेळ होती ५ वाजून ४७ मिनिटं. सकाळी आठच्या सुमाराला राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. ते सरकार तीन दिवसांत कोसळलं. शपथविधी आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच्या आदल्या रात्री केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकच झाली नव्हती, याची चर्चा मात्र फारच कमी झाली.

मंत्रिमंडळाने रीतसर घेतलेला निर्णय बाहेरच्या माणसामुळे फिरल्याचंही उदाहरण आहे. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्या खासदार-आमदाराचं सदस्यत्व लगेच जाईल. त्यावर पांघरूण घालणारा अध्यादेश मनमोहन सिंग मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबरला मंजूर केला. तीन दिवसांनी काँग्रेसचे उपाध्यक्ष राहुल गांधी यांनी दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये येऊन तो फाडून फेकण्याच्या लायकीचा असल्याचं सांगितलं, आणि २ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने तो मागे घेतला. अध्यादेश वाईटच होता. पण राहुल गांधी मंत्री नव्हते. त्यांच्या एका वक्तव्यावर अख्ख्या मंत्रिमंडळाने निर्णय फिरवावा, हे मंत्रिमंडळाला शोभणारं नव्हतं.

खात्यात घोळ झाला तर राजीनामा कुणी द्यायचा?

सामूहिक जबाबदारीच्या जोडीला प्रत्येक मंत्र्याची आपापल्या खात्याची जबाबदारी असते. घटनेत ती अशी लिहिलेली नाही, पण मुंद्रा प्रकरणाने ती रुजवली. त्या प्रकरणाचा तपशील मुद्दाम सांगतो, कारण त्यात मंत्र्याला अटक नव्हती, कोठडी नव्हती, आणि तरीही तो गेला.

आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झालं. वर्षभराच्या आतच, जून १९५७ मध्ये, त्याने हरिदास मुंद्रा या कोलकात्याच्या उद्योजकाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. कंपन्या डबघाईला आलेल्या होत्या. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलं गेलं नव्हतं. पैसा होता लाखो विमाधारकांच्या हप्त्यांचा. लोकसभेत हे बाहेर काढलं सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार फिरोझ गांधी यांनी. पंतप्रधानांचे ते जावई होते, पण त्यांनी प्रश्न विचारायचं सोडलं नाही.

चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे आली. त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. गर्दी एवढी झाली की बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या बचावाचा सूर असा होता की व्यवहार अधिकाऱ्यांनी केला. छागलांनी तो मानला नाही. सचिव जे करतो त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची, तिच्यातून त्याला अंग काढून घेता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी दिला. चौकशी काही आठवड्यांत संपली. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी गेले आणि त्या महिनाअखेरचा अर्थसंकल्प पंतप्रधान नेहरूंना स्वतः मांडावा लागला. पुढे काही वर्षांनी कृष्णम्माचारी पुन्हा मंत्री झाले, अर्थखातंही त्यांना परत मिळालं. म्हणजे राजीनाम्याने माणूस आयुष्यातून उठत नाही.

नोव्हेंबर १९५६ मध्ये तामिळनाडूतल्या अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर चार दिवसांत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील पायउतार झाले. यातल्या कुणीही गुन्हा केला नव्हता. खातं आपलं होतं, म्हणून ते गेले.

मग बिघडलं कुठे?

ही रीत हळूहळू विरत गेली. ‘आरोप सिद्ध होऊ द्या, मग बघू’ हे उत्तर सर्वच पक्षांच्या तोंडी बसलं. कायद्याने पाहिलं तर ते बरोबरही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार सदस्यत्व जातं ते शिक्षा झाल्यावर, अटक झाल्यावर नाही. २०१४ मध्ये मनोज नरुला खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला. गंभीर आरोप असलेल्यांना मंत्री करू नये अशी अपेक्षा पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांकडून आहे, पण घटनेत नसलेली बंदी आम्ही घालू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

त्यानंतरची उदाहरणं ताजी आहेत. महाराष्ट्राचे मंत्री नवाब मलिक यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये ईडीने, म्हणजे सक्तवसुली संचालनालयाने, अटक केली. आरोप त्यांनी नाकारले. त्यांची खाती दुसऱ्यांकडे दिली गेली, पण जूनमध्ये महाविकास आघाडीचं सरकार पडेपर्यंत ते बिनखात्याचे मंत्री राहिले. तामिळनाडूचे सेंथिल बालाजी जून २०२३ मध्ये अटकेत गेले, तेव्हा राज्यपालांनी त्यांना परस्पर बडतर्फ केलं आणि काही तासांत तो आदेश स्थगित ठेवला. दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल मार्च २०२४ मध्ये अटक झाल्यावर तिहार तुरुंगात असतानाही पदावर राहिले. जामीन मिळाल्यानंतर सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो काळ दिल्लीकरांसाठी चांगला नव्हता, आणि ‘पायंडा चुकीचा पडतोय’ ही लोकांची भावना खरी होती. विधेयकाने नेमकी तीच भावना पकडली आहे.

आता त्यावरचे नेहमीचे प्रश्न घेऊ.

‘कारकुनाला ४८ तास, मग मंत्र्याला ३० दिवस दिले तर बिघडलं कुठे?’

हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो. सरकारी कर्मचारी ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित झाला असं मानतात, हे खरं आहे. केंद्राच्या १९६५ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या सेवानियमांत तशी तरतूद आहे.

पण निलंबन आणि पदावरून काढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निलंबित कारकुनाला निर्वाह भत्ता मिळतो, त्याची जागा त्याच्या नावावर राहते आणि निर्दोष सुटला तर तो त्याच टेबलाशी परत येतो. त्याचं काम शेजारच्या टेबलावर जातं, कार्यालय चालू राहतं. मंत्र्याच्या बाबतीत विधेयक पदच काढून घेतं. तो मंत्री मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान असेल तर गोष्ट एका माणसावर थांबत नाही. त्याच्या पदासोबत सगळी मंत्रिपरिषद जाते. नवा नेता निवडायचा, बहुमत पुन्हा जुळवायचं. काठावरचं बहुमत असलेल्या सरकारात, जिथे चार-पाच आमदार इकडचे तिकडे झाले की चित्र पालटतं, तिथे एका अटकेने निवडणुकीचा निकाल फिरू शकतो. नंतर तो नेता निर्दोष सुटला आणि पुन्हा शपथ घ्यायला मोकळा झाला, तरी पडलेलं सरकार परत येत नाही. कारकुनाच्या कोठडीने असं काही होत नाही. म्हणून ही तुलना मला अपुरी वाटते.

‘निर्दोष असेल तर ३० दिवसांत जामीन मिळेलच की’

साध्या गुन्ह्यात बहुधा मिळेल. पण राजकारण्यांवर लागतात ती कलमं वेगळी असतात. मनी लाँडरिंगच्या कायद्यात कलम ४५ आहे. त्यानुसार सरकारी वकिलाने विरोध केला तर आरोपी दोषी नसल्याचं मानायला वाजवी कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन देता येत नाही. खटला सुरू होण्याआधीच आरोपीला जवळपास निर्दोषत्व दाखवावं लागतं. दिल्लीचे तत्कालीन उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया यांना जामिनासाठी सुमारे १७ महिने लागले. तो देताना सर्वोच्च न्यायालयाने जामीन हा नियम असल्याची आठवण खालच्या न्यायालयांना करून दिली.

शिवाय गंभीर गुन्ह्यात दोषारोपपत्र दाखल करायला तपास यंत्रणेला ६० किंवा ९० दिवस मिळतात. म्हणजे ३० दिवस उलटतील तेव्हा पुरावा काय आहे हे न्यायालयासमोर पुरतं आलेलंही नसेल. त्या टप्प्यावर कागदावर असतं ते पोलिसांचं किंवा ईडीचं म्हणणं.

माजी दूरसंचार मंत्री ए. राजा यांचं उदाहरण आहेच. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, फेब्रुवारी २०११ मध्ये अटक झाली, वर्षाहून जास्त काळ ते तुरुंगात होते. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्याविरुद्ध अपील झालं, ते वेगळं. पण अटक म्हणजे दोष नव्हे, हे समजायला एवढं पुरे.

‘नियम पंतप्रधानांनाही आहे, मग पक्षपात कसा?’

शब्दांत पक्षपात नाही, हे मान्य करायला हवं. राज्याचे पोलीसही केंद्रीय मंत्र्याला अटक करू शकतात, आणि महाराष्ट्राने ते पाहिलंय. २४ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना तत्कालीन मुख्यमंत्र्यांबद्दलच्या वक्तव्यावरून रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरला ताब्यात घेतलं गेलं आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला. म्हणजे हे हत्यार दोन्ही बाजूंना उचलता येईल, आणि उद्या एखादं राज्य सरकार ते केंद्रातल्या मंत्र्यावर चालवेल. माझ्या मते यानेच चिंता वाढायला हवी.

तरी दोन्ही बाजूंची ताकद सारखी नाही. ईडी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली येते. सीबीआयचा प्रशासकीय धागा कार्मिक विभागाकडे जातो, आणि ते खातं पंतप्रधानांकडे असतं. जामीन सर्वांत कठीण करणारा कायदा ज्या यंत्रणेच्या हातात आहे ती केंद्राची आहे. मुख्यमंत्र्याला महिनाभर आत ठेवणं केंद्राला शक्य आहे. पंतप्रधानांच्या हाताखालची यंत्रणा पंतप्रधानांनाच अटक करेल, ही कल्पना कागदावरच राहते. आज सत्तेत भाजप आहे, उद्या आणखी कुणी असेल, आणि प्रश्न तेव्हाही हाच राहील.

‘मग तुरुंगातून सरकार चालू द्यायचं का?’

अजिबात नाही. अटक झालेल्या मंत्र्याने त्याच दिवशी राजीनामा द्यावा आणि तो देत नसेल तर नेत्याने घ्यावा, असंच मला वाटतं. प्रश्न एवढाच आहे की सक्ती करायची तर कुठल्या टप्प्यावर करायची.

न्यायालयांकडे मधला मार्ग आजही आहे. केजरीवालांना जामीन देताना अटी होत्या की मुख्यमंत्री कार्यालयात जायचं नाही आणि नायब राज्यपालांच्या मंजुरीसाठी अत्यावश्यक असल्याखेरीज सरकारी फायलींवर सही करायची नाही. पद राहिलं, पण त्या पदाचा वापर न्यायाधीशाने बांधून टाकला.

दुसरा टप्पा आरोपनिश्चितीचा. दोषारोपपत्र आल्यावर न्यायाधीश दोन्ही बाजूंचं ऐकतो, पुरावा चाळतो आणि खटला चालवण्याजोगं काही आहे की नाही ते ठरवतो. नसेल तर आरोपीला तिथेच सोडून देतो. विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ च्या २४४व्या अहवालात निवडणूक लढवण्याच्या अपात्रतेसाठी हाच टप्पा सुचवला होता, तोही पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आणि गैरवापर टाळण्याच्या काही अटींसह. यावर आक्षेप असा की आरोपनिश्चितीलाच वर्षं लागतात. आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय मंत्र्यांच्या खटल्यांना कालमर्यादा घालण्याचा आहे. न्यायाधीशाने काही ठरवायच्या आधीच पद काढून घेतल्याने खटला एक दिवसही लवकर संपणार नाही.

पुढे काय होऊ शकतं?

घटनादुरुस्तीला साधं बहुमत पुरत नाही. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. लोकसभेत सगळे ५४३ हजर असतील तर ३६२. जून २०२४ च्या निकालानंतर सत्ताधारी आघाडीकडे २९३ होते. म्हणजे विरोधकांतले काही जण वळल्याशिवाय किंवा गैरहजर राहिल्याशिवाय असं विधेयक पार पडणं अवघड. पार पडलं तरी ते न्यायालयात आव्हानाला सामोरं जाईल, कारण १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावणारी दुरुस्ती टिकत नाही, आणि संसदीय लोकशाही व संघराज्य या दोन्ही गोष्टी त्या चौकटीत मोडतात.

समितीला विधेयकात बदल सुचवता येतात, आणि बदल फार मोठा करायची गरज नाही. ‘सलग ३० दिवस कोठडी’ या शब्दांच्या जागी ‘न्यायालयाने आरोप निश्चित केल्यापासून ३० दिवस’ असं यावं. सोबत विद्यमान मंत्र्यांच्या खटल्यात आरोपनिश्चितीचा निर्णय ठरावीक मुदतीत देण्याचं बंधन असावं. राज्यमंत्र्यापासून पंतप्रधानांपर्यंत नियम तेव्हाही एकच राहील. फक्त ती तारीख तपास अधिकाऱ्याच्या अटकेवरून मोजली जाणार नाही, न्यायाधीशाच्या सहीवरून मोजली जाईल.